डावीकडचं स्टूल

१

बुलढाण्यात कोर्टाच्या मागच्या गल्लीत शेषरावांचा फोटो स्टुडिओ आहे. खाली दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि लग्नसराईत व्हिडिओ शूटिंग, एवढ्यावर त्यांचा संसार सुखानं चालला. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी वाटून घेतलं आणि पुढं त्याबद्दल बोलणंही सोडून दिलं. बायको वंदना प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिचं माहेर साखरखेर्ड्याच्या पुढचं मळखेडी, आणि त्या मळखेडीचं तिला भारी वेड. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्या तोंडून गावाचा इतिहास उतरवून घ्यायचा, त्याची फिल्म करायची, हे तिनं लग्नाच्या आधीपासून मनात धरलेलं.

"मळखेडीले काहाचा आला इतिहास?" शेषराव म्हणायचे. "बस तरी थांबते काय तिथं?"

असं म्हणायचे, आणि कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावून तिच्या मागं निघायचेही तेच.

कामाची रीत ठरलेली होती. म्हातारं माणूस त्याच्याच घरात खुर्चीवर बसायचं. समोर कॅमेरा, कॅमेऱ्यामागं शेषराव. कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला एक बुटकं लाकडी स्टूल, त्यावर वंदना. बोलणाऱ्यानं कॅमेऱ्यात बघायचं नाही, वंदनाकडं बघून बोलायचं. म्हणून मळखेडीची सगळी म्हातारी माणसं पडद्यावर जराशी डावीकडं बघत बोलतात. कॉलरचा माईक ती स्वतः लावायची. त्याचा चिमटा आधी मुठीत धरून उबवायची, म्हाताऱ्या गळ्याला लोखंड गार लागतं म्हणून. तिचे हात मुळातच गरम. थंडीत शेषराव मुद्दाम तिचा हात धरून ठेवायचे.

सगळ्यांना सगळं विचारून झालं की शेवटचा प्रश्न ठरलेला. "अजून काही राह्यलं का सांगाचं?" एवढं विचारून ती गप्प बसायची. घाई करायची नाही. समोरचं माणूस आठवून आठवून काहीबाही सांगायचं, आणि मग म्हणायचं, "नाई वं पोरी, झालं सगळं." तेव्हा ती उठायची आणि हलक्या हातानं माईक काढून घ्यायची.

फिल्ममध्ये विचारणाऱ्याचा आवाज ठेवत नाहीत. वंदनाचंही तेच म्हणणं होतं, "माझा आवाज नको हं कुठं. गाव बोलू द्या." म्हणून शेषरावांनी तिचे सगळे प्रश्न कापले. कापले, पण टाकले नाहीत. कॉम्प्युटरवर 'प्रश्न' नावाचं एक फोल्डर केलं आणि त्यात ठेवून दिले.

शूटिंग संपलं त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात वंदना गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं होतं, परत आणली ती तशी. शेषराव एकटे उरले, ती फिल्म आणि ते. लोक म्हणायचे, किती दिवस लावता हो. खरं सांगायचं तर ती होत नव्हती असं नाही, तेच होऊ देत नव्हते. फिल्म अर्धी होती तोवर वंदनाचं या घरात काहीतरी काम होतं. ती पूर्ण झाल्यावर काय, या विचारापाशी ते रोज येऊन थांबायचे आणि कॉम्प्युटर बंद करायचे.

२

पण हरिओम ऐकेना. हरिओम म्हणजे वंदनाचा चुलतभाऊ, मळखेडीच्या शाळेत मास्तर.

"भाऊजी, आता नाई म्हनू नोका," त्यानं फोनवर सांगितलं. "शाळेचा हॉल धरला, पडदा आनला, रोडग्याचं जेवन ठेवलं. तुमचा सत्कार हाय. ज्यायनं ज्यायनं सांगतलं त्यायच्यातले किती गेले सांगा बरं. पाहाले तरी कोनी उरलं पाह्यजे."

ते खरं होतं. नारायणराव गेले, सहदेव हलगीवाले गेले. आठवणी सांगून झाल्या आणि एकेक जण निघून गेलं. वयंच तशी होती. बोललेल्यांपैकी बनाबाई तेवढी अजून टिकून.

तेव्हा मार्च महिन्यातल्या एका दुपारी शेषरावांनी फिल्म एकदाची पूर्ण केली. पूर्ण झाली तेव्हा सांगायला घरात कुणी नव्हतं. ते चौकातून पेढे घेऊन आले. वंदनाचं ते स्टूल टेबलाच्या उजव्या बाजूला भिंतीशी होतं, एडिटिंगच्या वेळी ती तिथंच बसायची. अलीकडं त्यावर वायरींचा गुंता पडलेला असायचा. शेषरावांनी गुंता खाली ठेवला, ओल्या फडक्यानं स्टूल पुसलं आणि त्यावर बशीत एक पेढा ठेवला.

"पह्यला तुले," ते म्हणाले. मग त्यांना आपलंच हसू आलं.

पेढा खात खात त्यांनी फिल्म पहिल्यापासून लावली. सुरुवातीला मळखेडीचं पाणवठ्याचं वळण, मग बाजारओटा, मग नारायणराव. पांढरी टोपी, मागं पत्र्याची भिंत, तिच्यावर कॅलेंडर. नारायणराव जिनिंगच्या भोंग्याची गोष्ट सांगत होते. शेषरावांना ती पाठ होती. कुठं खोकतात, कुठं टोपी सारखी करतात, सगळं पाठ. म्हणूनच त्यांना काहीतरी खटकलं आणि चटकन कळेना.

मग कळलं. नारायणराव उजवीकडं बघत होते.

३

शेषराव लग्नाच्या कॅसेटी कापण्यात म्हातारे झालेले. घाबरायच्या आधी त्यांनी तेच केलं जे कुठल्याही व्हिडिओवाल्यानं केलं असतं. क्लिप उलटी लागली असणार. आरशातल्यासारखी. होतं असं, एक बटण दाबलं जातं आणि नवरदेव डाव्या हातानं मंगळसूत्र बांधतो. त्यांनी चित्र थांबवून मोठं केलं. कॅलेंडरवरची अक्षरं सरळ वाचता येत होती. सदऱ्याचा खिसा डाव्या छातीवर, जिथं असतो तिथंच. म्हणजे चित्र सुलटं होतं. फक्त डोळे दुसरीकडं होते.

त्यांनी पुढं सरकवलं. सहदेव, उजवीकडं. बनाबाई, उजवीकडं. सगळी मळखेडी जराशी उजवीकडं आणि जराशी खाली बघत होती, बुटक्या स्टुलावर बसलेल्या माणसाकडं बघावं तशी.

उजव्या हाताला भिंतीशी ते स्टूल होतं. बशीत पेढा होता.

पुढं जे केलं ते का केलं, हे शेषरावांना नंतर कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ते उठले. बशी टेबलावर ठेवली. स्टूल उचलून टेबलाच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवलं, आणि फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली. नारायणराव डावीकडं बघत होते. पूर्वीसारखे.

"मंग बरोबर हाय," शेषराव मोठ्यानं म्हणाले. "मीच चुकलो."

इथं थांबायला हवं होतं. पण हिशोब लागला नाही तर त्यांना अन्न गोड लागायचं नाही. त्यांनी स्टूल उचललं, खोलीबाहेर जिन्याच्या वरच्या पायरीजवळ ठेवलं, दार लावलं, कडी घातली. खुर्चीवर येऊन बसले. लावलं.

नारायणरावांनी टोपी सारखी केली. जिनिंगचा भोंगा, पहाटेची पाळी, सगळं तसंच. पण ते शेषरावांच्या डोक्यावरून पलीकडं बघत होते. मागं, दाराकडं. सहदेव आले. हलगीवाला माणूस, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलायची सवय. तेही दाराकडं बघत होते, आणि त्यांचा आवाज खाली आला होता. दाराबाहेर कुणी उभं असताना माणूस बोलतो तसे ते हळू बोलत होते.

शेषरावांनी आवाज बंद केला. गल्लीत भंगारवाला ओरडत गेला, खाली कुणीतरी झेरॉक्ससाठी शटर वाजवलं. भर दुपार होती. ते उठले नाहीत, मागं वळलेही नाहीत. शटर वाजवणारा कंटाळून निघून गेला.

दिवेलागणीला त्यांनी कडी काढली. स्टूल पायरीशी होतं, रिकामं. टेबलावरच्या पेढ्याला मुंग्या लागल्या होत्या. मुंग्या बघून त्यांना फार बरं वाटलं. डोळ्यांचा नंबर वाढला असेल, उद्या दाखवून घेऊ, असं त्यांनी ठरवलं आणि दाखवलं नाही.

४

मळखेडीत शाळेपुढं रांगोळी काढली होती. "मळखेडीचे जावई श्री. शेषराव यांचे सहर्ष स्वागत", खडूनं फळ्यावर. चिखलीहून साखरखेर्ड्याची बस आणि पुढं हरिओमची गाडी असा प्रवास करून शेषराव ऊन उतरता उतरता पोचले. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. लहानथोर सगळ्यांचे ते जवाईबापू.

"जवाईबापू, पानी घ्या. जवाईबापू, इकडं सावलीत या." जो तो हात धरत होता. इतक्या माणसांचा हात त्यांना फार दिवसांनी लागला. डोळे भरून येऊ नयेत म्हणून ते उगाच लॅपटॉपच्या वायरी तपासत राहिले.

हॉलमध्ये पडद्यापुढं सतरंज्या, मागं प्लॅस्टिकच्या खुर्च्या. अगदी पुढं, एका बाजूला दोन खुर्च्या वेगळ्या मांडलेल्या. जावयाचा सत्कार एकट्यानं कसा घ्यायचा, जोडीनंच घ्यायचा असतो. म्हणून हरिओमनं एका खुर्चीवर वंदनाचा हार घातलेला फोटो ठेवला होता. शाल दोघांवरून फिरवली, नारळ शेषरावांच्या हातात दिला, एक फोटोपुढं ठेवला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. शेषराव फोटोकडं बघत होते. फोटोतली वंदना सरळ समोर बघत होती, आणि त्यांना मनापासून वाटलं की बघायचंच तर हिनं बघावं, बाकी कुणी बघू नये.

बनाबाई आली. पांढरं लुगडं, हातात काठी, डोळ्यांत मोतीबिंदूची दुधी झाक. बौद्धवाड्यातल्या बायका तिला धरून आणत होत्या. ती मधल्या रांगेत बसली. शेजारची खुर्ची मोकळी होती. एक बाई तिथं टेकायला गेली तर बनाबाईनं काठी आडवी धरली.

"तिकडं बस वं," ती शांतपणे म्हणाली. "हे खुर्ची राहू दे."

५

दिवे मालवले. पडद्यावर पाणवठ्याचं वळण आलं आणि हॉलमध्ये आपलं गाव ओळखल्याचा एक मोठा आवाज उठला. ओटा दिसला, तो आवाज पुन्हा. नारायणराव आले तेव्हा त्यांच्या घरातलं कुणीतरी "आबा" म्हणालं आणि मग सगळे चूप झाले.

शेषराव पुढं बसले होते, पण पडदा सोडून त्यांना लोकांकडंच बघावंसं वाटत होतं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी झटलो ते हे, असं ते मनाला सांगत होते. शेवटी त्यांनी पडद्याकडं बघितलं.

नारायणराव हॉलच्या मधोमध बघत होते. मधल्या रांगेत.

पडद्यावरच्या माणसाची नजर नेमकी कुणावर आहे हे का कधी सांगता येतं? भिंतीवरचा देवाचा फोटो खोलीत कुठंही उभं राहिलं तरी आपल्याकडंच बघतो. शेषरावांनी स्वतःला हे बजावलं. हॉलमधला प्रत्येक माणूस आत्ता समजत असेल की आबा माझ्याकडंच बघताहेत. त्यात काही विशेष नाही.

पण पुढच्या माणसाची नजर जराशी अलीकडं होती. त्याच्या पुढच्याची आणखी जराशी. सहदेव हलगीचे ताल तोंडानं वाजवून दाखवत होते, लोक हसत होते, टाळ्या देत होते, आणि सहदेव रांगांच्या मधल्या वाटेकडं बघत होते. चालत येणाऱ्या माणसाकडं बघावं तसे, सावकाश, डोळे फिरवत. शेषरावांनी मान वळवली. वाटेत कुणी नव्हतं. बनाबाईच्या शेजारची खुर्ची अंधारात मोकळी होती.

फिल्मच्या शेवटी शेषरावांनी सगळ्यांचे चेहरे एकापाठोपाठ एक ठेवले होते, कुणी न बोलता. सगळ्या मुलाखती संपताना घेतलेले, "झालं सगळं" म्हणून झाल्यावरचे. त्यांनी मोठ्या मायेनं ते जोडले होते. आता ते चेहरे एकेक करून आले आणि एकेक करून जवळ बघू लागले. पहिल्या रांगेकडं. सतरंजीकडं. शेवटचे नारायणराव. ते शेषरावांच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर बघत होते. फोटोची खुर्ची उजवीकडं होती.

मग नारायणरावांचे डोळे हळूहळू वर गेले. समोरचं बसलेलं माणूस उठून उभं राहिलं की जातात तसे.

दिवे लागले. टाळ्या थांबेनात. हरिओमनं शेषरावांना मिठी मारली आणि रडायला लागला.

६

बाहेर पंगत बसली. रोडगे फोडल्याचा, वांग्याच्या भाजीचा वास सुटला. शेषराव हॉलच्या पायरीवर उभे होते तेव्हा बनाबाईनं त्यांचा हात चाचपून धरला.

"चांगलं झालं जवाईबापू. वंदी पाह्यजे होती."

"हाव, मावशी."

"तुमच्याकडं येते काय ते?"

"कोन?"

"इचारनारी." बनाबाईनं आवाज खाली आणला नाही, बाजारभाव सांगावा तसं सांगत राहिली. "माह्याकडं येते. दुपारची. डाव्या अंगाले बसते अन् इचारते, अजून काही राह्यलं का सांगाचं. म्या म्हनते, राह्यलं हाय. मंग जाते."

शेषरावांना वाटलं आपण हसावं. म्हातारी बाई, दुपारची डुलकी, ऐकलेला प्रश्न मनात बसलेला. हे सगळं त्यांना पटत होतं. भीती वाटायला हवी होती, पण भीतीच्या आधी वाटला तो हेवा. हिच्याकडं येते. रोज. आणि माझ्याकडं?

"वंदनाच हाय काय, मावशी?"

"आवाज तिचाच हाय. तोंड नाई दाखोत. उजेड तिच्या पाठीमागून असते."

"अन् काय राह्यलं तुमचं सांगाचं?"

"हिरीची गोस्ट. लहानपनी आमच्या वाड्यातल्या बायायनं पान्यासाठी काय केलं ते. शूटिंगच्या वक्ती बी नाई सांगतली." तिनं दुधी डोळे शेषरावांच्या तोंडावर रोखले. "कोनालेच नाई सांगत. सांगतली का मी रिकामी झाली. तुमाले इचारलं त राह्यलं हाय म्हनजा. पन काय राह्यलं ते सांगजा नोका. नारायनराव सांगून बसला. सहदेव बी."

तिला न्यायला बायका आल्या. काठी टेकत ती पंगतीकडं गेली आणि तिथं कुणाला तरी रोडग्यावर तूप कमी पडलं म्हणून बोलू लागली.

७

"सर, जेवायच्या आधी जराशी मुलाखत देता का?"

प्राची देऊळगाव राजाची, तिथल्या एका बातम्यांच्या चॅनेलसाठी काम करायची. नीटस मुलगी, स्वतःच कॅमेरा लावणारी, स्वतःच प्रश्न विचारणारी. बाहेर गलका फार म्हणून तिनं शेषरावांना चौथीच्या वर्गात नेलं. खिडकीतून पंगतीच्या दिव्यांचा उजेड येत होता. तिनं मोबाईल स्टँडवर बसवला, शेषरावांना खुर्चीत बसवलं, कॉलरला माईक लावला. चिमटा गळ्याला गार लागला.

"मी एकटीच असते सर, मला कॅमेऱ्यामागंच थांबावं लागतं," ती म्हणाली, आणि वर्गाच्या कोपऱ्यातलं एक स्टूल ओढून कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला, खिडकीपुढं ठेवलं. "इथं कुणीतरी बसलंय असं समजून बोला. कॅमेऱ्यात नका बघू."

ही रीत त्यांचीच होती. नको म्हणायला कारण काय द्यायचं?

प्राचीनं कॅमेऱ्यामागून प्रश्न विचारले, त्यांनी स्टुलाकडं बघून उत्तरं दिली. कल्पना कुणाची, अडचणी काय आल्या, गावानं काय दिलं. स्टूल रिकामं होतं. हळूहळू त्यांचे खांदे सैल झाले.

"छान झालं सर. आता फक्त थोडा वेळ गप्प बसा, खोलीचा आवाज घेऊन ठेवते," प्राची म्हणाली. तीही गप्प झाली. एडिटिंगला लागतो तो, रिकाम्या खोलीचा आवाज. शेषरावांना तो माहीत होता. बाहेर पंगतीत कुणीतरी वाढ वाढ म्हणत होतं. पंख्याची कडी किरकिरत होती.

"अजून काही राह्यलं का सांगाचं?"

प्रश्न फोल्डरमध्ये होता तसाच. तेवढाच हळू, शेवटचा शब्द तेवढाच उचललेला.

शेषरावांनी प्राचीकडं बघितलं. ती मोबाईलच्या पडद्यात बघत होती, तिनं मान वर केली नव्हती. मग त्यांना स्टुलाकडं बघावंच लागलं. खिडकीतला उजेड पाठीमागून येत होता. त्यापुढं स्टुलावर काहीतरी काळं, बसलेलं. मांडीवर हात. एक मूठ मिटलेली.

"राह्यलं हाय," ते म्हणाले.

"बोला ना सर," प्राची म्हणाली. "सुरूच आहे."

स्टुलावरून काही आलं नाही. ती नुसती थांबली. वंदना थांबायची तशी, घाई न करता, दुसरं काही कामच नसल्यासारखी. कितीतरी माणसांना त्या थांबण्यानं बोलतं केलेलं शेषरावांनी कॅमेऱ्यामागून बघितलं होतं. बनाबाईचा शब्द त्यांना आठवत होता, अगदी स्पष्ट आठवत होता. पण एवढ्या वर्षांत त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. कसे आहात विचारायचे लोक, आणि उत्तराची वाट न बघता पुढं जायचे. इथं कुणीतरी वाट बघत होतं.

"तुहे प्रश्न मी टाकले नाई," शेषराव म्हणाले. "फोल्डर करून ठेवले. दिवे लागले का रोज लावतो. तू इचारते, लहानपन कुठं गेलं? मी सांगतो, चिखलीले. तू इचारते, लग्नात काय काय झालं? ते त तुले माह्यतच हाय, तरी सांगतो. भात दोघायचा टाकतो अजून. एकट्याचा अंदाज येत नाई. एकच प्रश्न मी कधी लावला नाई. शेवटचा. त्याच्या आंदी बंद करतो. कारन तो झाला का तू उठाची."

प्राचीनं मान वर केली होती. तिचे डोळे भरले होते. आपल्याला किती चांगली मुलाखत मिळाली, असं तिला वाटत असावं.

"फिल्म मीच लांबोली," शेषराव म्हणाले. "लोकायले वाटे काम किचकट हाय. एकदाची झाली, आज दाखोली. आता घरी गेल्यावर मी काय करू, हे मले कोनाले इचाराचं होतं. बस. येवढंच."

बोलून झालं आणि त्यांना फार हलकं वाटलं. छातीवरचं ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखं. त्या हलकेपणात ते काही वेळ तसेच बसले. मग त्यांनी आत चाचपून बघितलं, आणखी काही सापडतं का. बालपण सांगून झालं होतं, लग्न सांगून झालं होतं, गाव सांगून झालं होतं. हे एक होतं, तेही आत्ता गेलं. कोपरान् कोपरा बघितला. काही नव्हतं.

"अजून काही?"

खोटं बोलायचं ठरवलं असतं तर बोलता आलं असतं. पण त्या आवाजाशी ते आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते.

"नाई," शेषराव म्हणाले. "झालं सगळं."

स्टुलावरचं उठलं. शेषरावांची नजर त्याच्याबरोबर सावकाश वर गेली. खिडकीतला दिवा पूर्ण झाकला गेला, तरी तोंड दिसेना. वंदना एवढी उंच नव्हती.

"सर?" प्राची म्हणाली. "वर काय बघताय?" ती कॅमेऱ्यामागं होती, तिचे दोन्ही हात मोबाईलवर होते.

कॉलरपाशी कुणीतरी चिमट्याला हात घातला, हलकेच, म्हाताऱ्या माणसाला दुखू नये असा. शेषरावांनी डोळे मिटले आणि वाट बघितली.

बोटं गार होती.